डेटाबेस सर्व्हरवर ‘सिस्टिम’ सीपीयू चढला तर: काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

डेटाबेस सर्व्हरचा सीपीयू ९० टक्क्यांवर गेला की नागपुरातल्या बहुतेक टीममध्ये एकच क्रम ठरलेला असतो. आधी सर्व्हिस रीस्टार्ट, मग स्लो क्वेरी लॉग, मग दोन-चार इंडेक्स, आणि तरीही भागलं नाही तर क्लाउडवरचं मोठं मशीन. चढलेला वेळ ‘युजर’चा असेल तर यातलं काहीतरी लागू पडतं. तो ‘सिस्टिम’चा असेल तर बहुतेक वेळा यातलं काहीच मुळाशी जात नाही, आणि रीस्टार्टने तर पुरावाच नाहीसा होतो.

फरक नीट लक्षात घ्या. डेटाबेस स्वतःच्या कोडमध्ये सॉर्ट, जॉइन, हिशेब करतो तो युजर टाइम. त्याच्यासाठी कर्नल, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, जे करतो तो सिस्टिम टाइम: मेमरीची पानं देणं, नवी प्रोसेस उभी करणं, फाइलमधला डेटा कॉपी करणं, झोपलेल्या थ्रेडला उठवणं, नेटवर्कची पॅकेट हाताळणं. म्हणून इथे प्रश्न ‘कोणती क्वेरी हळू आहे’ असा नसतो. ‘कर्नलकडून कोण, कोणतं काम इतक्या वेळा करून घेतंय’ असा असतो.

समजावून सांगायला एक काल्पनिक उदाहरण घेतो. कळमना मार्केटमधले संत्र्याच्या लिलावाचे भाव दाखवणारं एक वेब अ‍ॅप आहे. डेटाबेस पोस्टग्रेस, मशीन ८ कोअर आणि ६४ जीबी रॅमचं, शेअर्ड बफर्स (डेटाबेसच्या सगळ्या प्रोसेस मिळून वापरतात ती मेमरी) १६ जीबी. आंबिया बहाराचा माल यायला लागला की लिलावाच्या वेळी शेकडो अडते, व्यापारी आणि शेतकरी एकाच वेळी अ‍ॅप उघडतात, आणि सिस्टिम सीपीयू ६० टक्क्यांवर जाऊन बसतो.

## तयारी: घटना घडण्याआधी

ही तयारी शांत दिवशी करायची. गर्दीच्या वेळी पॅकेज शोधत बसलात तर घटना निसटते.

सिसस्टॅट पॅकेज टाका. एमपीस्टॅट (प्रत्येक कोअरचा हिशेब), पिडस्टॅट (प्रत्येक प्रोसेसचा हिशेब) आणि सार (ठरावीक वेळाने नोंद साठवणारं) ही तिन्ही त्यातच येतात. उबुंटू आणि डेबियनवर सारची नोंद बहुधा बंद असते, ती चालू करावी लागते. नोंद साधारणपणे दर १० मिनिटांनी होते. ती दर मिनिटाला करा, कारण १० मिनिटांच्या सरासरीत २ मिनिटांचा उसळा दिसत नाही.

पर्फ (वेळ कोणत्या फंक्शनमध्ये जातोय ते दाखवणारं साधन) टाका आणि ते चालू कर्नलच्या आवृत्तीशी जुळतं का, हे एकदा प्रत्यक्ष चालवून पाहा. कर्नल अपडेट झालं पण पर्फचं पॅकेज जुनंच राहिलं, हे वारंवार घडतं. डेटाबेसचे डीबग सिम्बॉलही (फंक्शनची नावं दिसायला लागणारी माहिती) याच वेळी टाकून ठेवा.

वेळेचा हिशेब लावा. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर चालतात आणि अ‍ॅपचा लॉग भारतीय वेळेत असतो. सकाळी १० चा लिलाव सर्व्हरच्या नोंदीत ४:३० ला दिसतो. हे साडेपाच तास विसरले की भलत्याच क्रॉनजॉबवर (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामावर) आळ येतो.

शेवटचं म्हणजे, चांगल्या दिवसाची, त्याच तासाची एक पूर्ण नोंद साठवून ठेवा. ‘सेकंदाला ४० हजार कॉन्टेक्स्ट स्विच’ (सीपीयूने एक काम सोडून दुसरं हाती घेणं) हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. नेहमी ८ हजार असतात हे माहीत असेल तरच तो बोलतो.

सूचना: मॅनेज्ड डेटाबेस सेवा वापरत असाल तर पर्फ चालवता येणार नाही. तिथे टप्पा ४ वगळा आणि कनेक्शनचे व मेमरीचे आकडे सेवेच्या मॉनिटरिंगमधून आणि डेटाबेसच्या आतून घ्या.

## टप्पा १: हात न लावता नोंद घ्या

पहिली २ मिनिटं फक्त नोंद. खालचं सगळं एका स्क्रिप्टमध्ये आधीच लिहून ठेवा, म्हणजे घाईत काही सुटणार नाही:

- व्हीएमस्टॅट कमांड, दर सेकंदाला एक याप्रमाणे ६० ओळी
- एमपीस्टॅट, सगळे कोअर वेगवेगळे दाखवणारा पर्याय देऊन
- पिडस्टॅट तीनदा: सीपीयू, कॉन्टेक्स्ट स्विच आणि पेज फॉल्टसाठी (हवं ते मेमरीचं पान जोडलेलं नसल्याने कर्नलकडे जावं लागणं)
- पर्फ रेकॉर्ड, सगळ्या कोअरवर, कॉल स्टॅकसकट, ९९ हर्ट्झने ३० सेकंद
- प्रॉक या कर्नलच्या आभासी फोल्डरखालच्या मेमइन्फो आणि व्हीएमस्टॅट या फाइलींच्या प्रती, ३० सेकंदांच्या अंतराने दोन वेळा
- पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे पोस्टग्रेसच्या चालू कनेक्शनची यादी (मायएसक्यूएलमध्ये प्रोसेसलिस्ट), पूर्ण, फाइलमध्ये

प्रॉकमधले बरेच आकडे मशीन सुरू झाल्यापासूनची बेरीज असतात, म्हणून प्रत दोनदा घ्यायची. उपयोग फरकाचा असतो. व्हीएमस्टॅट कमांडची पहिली ओळही बूट झाल्यापासूनची सरासरी असते, ती सोडून द्या.

नेहमीची चूक: आधी रीस्टार्ट करणं. रीस्टार्टने सगळी कनेक्शन तुटतात, मेमरी मोकळी होते, तुकडे झालेली मेमरी पुन्हा सलग मिळायला लागते, आणि सीपीयू खाली येतो. टीमला वाटतं काम झालं. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा घडतं, हातात एकही आकडा नसताना. सेवा पूर्ण ठप्प असेल तर रीस्टार्ट करावाच लागेल, पण स्क्रिप्टची ती २ मिनिटं देऊनच.

## टप्पा २: आकडा खरंच ‘सिस्टिम’चा आहे का

इथे साधने वेगवेगळं बोलतात. टॉप कमांडमध्ये एसवाय (सिस्टिम), एसआय (सॉफ्टवेअर इंटरप्ट) आणि एचआय (हार्डवेअर इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरने सीपीयूला मारलेली हाक) वेगवेगळे दिसतात. व्हीएमस्टॅटचा एसवाय मात्र इंटरप्टचा वेळ धरून असतो, आणि सारच्या साध्या अहवालातला सिस्टिमचा रकानाही तसाच. बऱ्याच डॅशबोर्डवर तर सगळं एका रंगात मिसळलेलं असतं. म्हणून निर्णय एमपीस्टॅटवरून घ्या. त्यात सिस, आयआरक्यू, सॉफ्ट आणि स्टील असे स्वतंत्र रकाने असतात.

- स्टील जास्त: तुमच्या व्हर्च्युअल मशीनला खालच्या मशीनकडून वेळ मिळत नाहीये. डेटाबेसमध्ये शोधण्यासारखं काही नाही. क्लाउड कंपनीशी बोला किंवा मशीन हलवा.
- आयओवेट जास्त, सिस कमी: प्रश्न डिस्कचा आहे. हा लेख त्यासाठी नाही.
- सॉफ्ट जास्त आणि तोही एकाच कोअरवर: नेटवर्क कार्डचे सगळे इंटरप्ट एकाच कोअरवर पडताहेत. प्रॉकखालच्या इंटरप्ट्स फाइलमध्ये कोणत्या रकान्याचा आकडा धावतोय ते पाहा, आणि इंटरप्ट कोअरमध्ये वाटणारं आयआरक्यूबॅलन्स चालू आहे का, कार्डला एकापेक्षा जास्त रांगा आहेत का, ते तपासा.
- सिस सगळ्या कोअरवर जास्त: पुढच्या टप्प्याकडे चला.

सर्व्हर स्वतःच्याच ऑफिसात असेल तर आणखी एक तपासणी. सीताबर्डी किंवा गांधीबागेतल्या कितीतरी कार्यालयांत सर्व्हर एका कोपऱ्यातल्या खोलीत, एका स्प्लिट एसीच्या भरवशावर असतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. वीज गेली की यूपीएस सर्व्हर चालू ठेवतो, पण एसी बंद पडतो. मग प्रोसेसर तापून आपला वेग कमी करतो, तेवढ्याच कामाला जास्त वेळ लागतो, आणि युजर व सिस्टिम दोन्ही आकडे सोबत चढतात. काही इंटेल मशीनवर टॉपच्या यादीत ‘किडल इंजेक्ट’ नावाचे कर्नल थ्रेड वर आलेले दिसतात. कर्नल मुद्दाम प्रोसेसरला रिकामं बसवतोय, असा त्याचा अर्थ. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या डीमेसेजमध्ये ‘थ्रॉटल्ड’ शब्द शोधा. तो सापडला तर आधी खोली थंड करा, क्वेरीला हात लावू नका.

## टप्पा ३: हा वेळ कोणाच्या नावावर आहे

पिडस्टॅटमध्ये सिस्टिमच्या रकान्यानुसार प्रोसेस लावा. चित्र तीनपैकी एक असतं.

कर्नलचे स्वतःचे थ्रेड वर आहेत. के-स्वॅप-डी वर असेल तर मेमरी कमी पडतेय. के-कॉम्पॅक्ट-डी किंवा के-ह्यूजपेज-डी वर असेल तर मेमरीची पानं सलग लावण्यात वेळ जातोय. के-सॉफ्ट-आयआरक्यू-डी असेल तर टप्पा २ मधला नेटवर्कचा मुद्दा पुन्हा पाहा.

डेटाबेस सोडून दुसरंच कोणीतरी आहे. हे वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त वेळा घडतं. मॉनिटरिंग एजंट दर काही सेकंदांनी प्रत्येक प्रोसेसची स्मॅप्स फाइल वाचत असेल, तर कर्नलला दर वेळी त्या प्रोसेसची सगळी पेज टेबल (मेमरीच्या पानांच्या नोंदी) चालून जावी लागतात. मोठ्या शेअर्ड मेमरीच्या पोस्टग्रेसवर हे फार महाग पडतं. प्रत्येक फाइल उघडताना तपासणारा अँटीव्हायरस किंवा प्रत्येक सिस्टिम कॉल टिपणारे ऑडिटचे नियम असतील, तर त्यांचा बराचसा वेळ डेटाबेसच्याच नावावर पडतो. टप्पा ४ मधल्या कॉल स्टॅकमध्ये तो वेगळा ओळखू येतो.

डेटाबेसच्याच प्रोसेस आहेत. मग दोन गोष्टी पाहा. थोड्याच प्रोसेसमध्ये वेळ जातोय की शेकडो प्रोसेसमध्ये थोडा थोडा? आणि प्रोसेसचे क्रमांक दर सेकंदाला बदलताहेत का? क्रमांक सतत बदलत असतील तर कनेक्शन सारखी जन्मताहेत आणि मरताहेत. आपल्या उदाहरणात हेच दिसेल.

## टप्पा ४: कर्नल नेमकं काय करतोय

आता टप्पा १ मधली पर्फची फाइल उघडा. अहवालात वरच्या पाच-सात फंक्शनची नावं वाचा आणि प्रत्येकाखालचा कॉल स्टॅक उघडून ते कुठून आलं ते पाहा. नुसतं वरचं नाव पुरत नाही. ‘नेटिव्ह क्यूड स्पिन लॉक स्लोपाथ’ सगळ्यात वर दिसलं, तर त्याचा अर्थ एवढाच की कर्नलमधल्या कुठल्यातरी लॉकवर रांग लागली आहे. लॉक कोणता, हे खालच्या ओळी सांगतात.

ढोबळ ओळख अशी (ही कारणं टप्पा ५ मध्ये उलगडली आहेत):

- नावात ‘कॉम्पॅक्ट’, ‘आयसोलेट मायग्रेट पेजेस’ किंवा ‘क्लिअर ह्यूज पेज’: ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस
- ‘श्रिंक’ किंवा ‘रिक्लेम’: मेमरीची टंचाई
- ‘क्लोन’, ‘एक्झिट एमएमॅप’ आणि सोबत भरपूर पेज फॉल्ट: कनेक्शनची ये-जा
- ‘फ्युटेक्स’: थ्रेड एकमेकांची वाट पाहताहेत
- ‘रीड एचपेट’: घड्याळाचा स्रोत
- ‘कॉपी टू युजर’, आणि खाली ‘पीरीड’: फाइल कॅशमधून डेटा कॉपी होतोय

सूचना: उत्पादनातल्या डेटाबेसवर एसट्रेस लावू नका. तो प्रत्येक सिस्टिम कॉलला प्रोसेस थांबवतो आणि आधीच गुदमरलेल्या सर्व्हरला पूर्ण बसवू शकतो. कॉलची मोजणी हवीच असेल तर पर्फ ट्रेस वापरा, तेही काही सेकंदांपुरतं.

तपासणी: नावांऐवजी नुसते हेक्स आकडे दिसत असतील तर रूट म्हणून चालवलं का ते पाहा. व्हर्च्युअल मशीनवर हार्डवेअर काउंटर मिळत नसतील तर ‘सीपीयू-क्लॉक’ इव्हेंट द्या, या कामाला तो पुरतो.

## टप्पा ५: कारणाप्रमाणे पुढचा शोध

### कनेक्शनची ये-जा

वेब अ‍ॅपच्या बाबतीत सगळ्यात आधी इथेच पाहावं, असं माझं ठाम मत आहे. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस देतो. नवी प्रोसेस शेअर्ड बफर्समधल्या ज्या पानाला पहिल्यांदा हात लावते, त्या प्रत्येकासाठी एक छोटा पेज फॉल्ट होतो. प्रोसेस संपताना ती सगळी टेबल पुन्हा मोडावी लागतात. एका क्वेरीसाठी एवढा संसार मांडायचा आणि मोडायचा, आणि हे सेकंदाला शंभरदा.

मोजायचं असं: पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये ‘बॅकएंड स्टार्ट’ गेल्या १० सेकंदांतलं आहे अशी किती कनेक्शन आहेत ते पाहा. जन्मून लगेच मेलेली यात दिसत नाहीत, म्हणून पोस्टग्रेस १४ पासून पीजी स्टॅट डेटाबेसमध्ये असलेला ‘सेशन्स’ रकानाही दोन वेळा वाचून फरक काढा. मायएसक्यूएलमध्ये ‘कनेक्शन्स’ आणि ‘थ्रेड्स क्रिएटेड’ यांचा फरक घ्या. दुसरा आकडा पहिल्याच्या वेगाने वाढत असेल तर थ्रेड कॅश पुरत नाहीये.

मूळ बहुधा अ‍ॅपमध्ये असतं. जँगोमध्ये कनेक्शनचं आयुष्य ठरवणारी ‘कॉन मॅक्स एज’ ही सेटिंग मुळात ० असते, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टला नवं कनेक्शन. साध्या पीएचपी अ‍ॅपचंही तसंच.

उलट टोकाची चूक म्हणजे भलामोठा पूल, म्हणजे आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा. सहा अ‍ॅप सर्व्हर, प्रत्येकी ५० चा पूल, म्हणजे ३०० कनेक्शन आणि कोअर फक्त ८. मागणी वाढली की तीनशे जण एकदम धावतात आणि कर्नल त्यांना आळीपाळीने उठवण्या-झोपवण्यातच वेळ घालवतो. मध्ये पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शन सगळ्यांना वाटून देणारा मध्यस्थ) बसवा आणि डेटाबेसकडची कनेक्शन १६ ते २० पासून सुरू करून मोजत वाढवा. पूल लहान केला तर अ‍ॅप हळू होईल ही भीती सगळ्यांना वाटते. मोजून पाहिलं की बहुतेक वेळा उलटच दिसतं.

सूचना: पीजीबाउन्सरच्या ट्रान्झॅक्शन मोडमध्ये सेशनवर अवलंबून असलेल्या गोष्टी चालत नाहीत: सेशनभरासाठी केलेला सेट, लिसन, सेशन पातळीचे अ‍ॅडव्हायजरी लॉक. अ‍ॅपमध्ये यांचा वापर आहे का ते आधी शोधा.

### मेमरी आणि ह्यूज पेजेस

एकसारख्या नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत सतत होते.

ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस म्हणजे कर्नल स्वतःहून ४ केबीची पानं जोडून २ एमबीची बनवू पाहतो. मेमरीचे तुकडे झालेले असले की त्या जुळवाजुळवीतच सीपीयू जळतो. या सोयीच्या ‘इनेबल्ड’ फाइलमध्ये ‘ऑलवेज’ला चौकटी कंस असेल, आणि प्रॉकच्या व्हीएमस्टॅटमधला ‘कॉम्पॅक्ट स्टॉल’ ३० सेकंदांत वेगाने वाढत असेल, तर निदान पक्कं. डेटाबेस सर्व्हरवर हे ‘नेव्हर’ किंवा ‘एमअ‍ॅडव्हाइज’ ठेवा.

दुसऱ्या म्हणजे तुम्ही आधीच राखून ठेवलेल्या ह्यूज पेजेस. या बंद करायच्या नाहीत, उलट मोठ्या शेअर्ड बफर्सना हव्यातच. हिशेब करून पाहा. १६ जीबी म्हणजे ४ केबीची ४१,९४,३०४ पानं. प्रत्येकाच्या नोंदीला ८ बाइट, म्हणजे सगळी पानं वापरणाऱ्या एका प्रोसेसला ३२ एमबीची पेज टेबल. अशा ३०० प्रोसेस झाल्या तर ९ जीबीहून जास्त मेमरी नुसत्या नोंदींत गेली. तेच २ एमबीच्या पानांत एका प्रोसेसला ६४ केबी पुरतात. मेमइन्फोमधली ‘पेज टेबल्स’ ओळ वाचा, ती काही जीबींत असेल तर इथेच थांबून हे काम करा.

नेहमीची चूक: पोस्टग्रेसची ‘ह्यूज पेजेस’ सेटिंग ‘ट्राय’वर असते. पानं राखलेली नसतील तर तो गाजावाजा न करता साध्या पानांवर सुरू होतो आणि टीमला वाटतं काम झालं. किती पानं लागतील ते पोस्टग्रेस १५ पासून स्वतः सांगतो. १७ पासून ‘ह्यूज पेजेस स्टेटस’मध्ये ती खरोखर मिळाली का तेही दिसतं. जुन्या आवृत्तीवर सेटिंग ‘ऑन’ करा, पानं नसतील तर तो सुरूच होणार नाही आणि चूक लगेच कळेल.

मेमरीच्या टंचाईची खूण वेगळी असते. ‘अलॉकस्टॉल’ आणि ‘पीजीस्कॅन डायरेक्ट’ वाढत असतात. ‘झोन रिक्लेम मोड’ ० आहे ना पाहा. डेटाबेस कंटेनरमध्ये असेल तर मशीनची रॅम मोकळी दिसत असतानाही कंटेनरची मर्यादा भरलेली असू शकते.

### फाइल कॅशमधून कॉपी

‘इंडेक्स टाका’ हा सल्ला इथे मात्र खरा ठरतो. टेबल पूर्ण फाइल कॅशमध्ये (कर्नलने रॅममध्ये ठेवलेल्या फाइलींच्या प्रतींत) बसलंय पण शेअर्ड बफर्समध्ये नाही, आणि एखादी क्वेरी ते दर वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते. डिस्क शांत असते, तरी प्रत्येक ८ केबीचं पान कर्नलकडून कॉपी होतं, आणि सिस्टिम टाइम चढतो. क्वेरीनिहाय आकडे ठेवणाऱ्या पीजी स्टॅट स्टेटमेंट्समध्ये ‘शेअर्ड ब्लॉक्स रीड’नुसार क्वेरी लावा. वरची क्वेरी सापडली की इंडेक्स द्या.

### फ्युटेक्स आणि घड्याळ

फ्युटेक्स वर असेल तर आधी कनेक्शनची संख्या कमी करून पाहा, बरेचदा तेवढ्याने भागतं. नाहीच भागलं तर ‘वेट इव्हेंट’चा रकाना कोणता लॉक आहे ते सांगतो. मायएसक्यूएलमध्ये मेमरी वाटणाऱ्या लायब्ररीवरही अशी रांग लागते, तिथे जेमॅलॉक लावून तुलना करा.

घड्याळाची तपासणी मिनिटभराची आहे. ‘करंट क्लॉकसोर्स’ फाइलमध्ये टीएससी किंवा केव्हीएम-क्लॉक असेल तर ठीक. एचपेट किंवा एसीपीआय-पीएम असेल तर प्रत्येक वेळ विचारणा महाग पडते, आणि ‘ट्रॅक आयओ टायमिंग’ चालू असताना डेटाबेस वेळ फार वेळा विचारतो. पोस्टग्रेससोबत येणाऱ्या पीजी टेस्ट टायमिंगने आधीचा आणि नंतरचा आकडा घ्या.

## टप्पा ६: एका वेळी एकच बदल

पूल लहान करणं, ट्रान्सपरंट पेजेस बंद करणं आणि रॅम वाढवणं एकाच रात्री केलंत, तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. एक बदल करा, परत फिरायची पद्धत आधी लिहून ठेवा, आणि तोच वार, तोच तास येईपर्यंत थांबा. सोमवारच्या गर्दीची तुलना रविवारशी करून उपयोग नाही.

मोजताना नुसती टक्केवारी घेऊ नका. त्या दिवशी आवक कमी असेल, पावसामुळे लिलाव उशिरा सुरू झाला असेल, तर टक्के आपोआप उतरतात. सिस्टिम टाइमचे सेकंद भागिले तेवढ्याच काळातली ट्रान्झॅक्शन, हा आकडा काढा. पोस्टग्रेसमध्ये पीजी स्टॅट डेटाबेसमधल्या ‘एक्स-अ‍ॅक्ट कमिट’चा (पूर्ण झालेल्या ट्रान्झॅक्शनच्या संख्येचा) फरक घेतला की भाजक मिळतो. एका ट्रान्झॅक्शनमागचा सिस्टिम टाइम उतरला तरच बदल लागू पडला.

नंतर तो बदल टिकाऊ करा. ‘इनेबल्ड’ फाइलमध्ये ‘नेव्हर’ लिहिलेलं रीबूटनंतर राहत नाही. ते बूटच्या पॅरामीटरमध्ये किंवा सिस्टिमडीच्या युनिटमध्ये जायला हवं, आणि डेटाबेसच्या आधी लागू व्हायला हवं. राखलेल्या ह्यूज पेजेसचा आकडा सिसकंट्रोलच्या फाइलमध्ये टाका. मशीनवर ट्यून्ड (कर्नलच्या सेटिंग आपोआप लावणारी सेवा) चालू असेल तर त्याचं प्रोफाइल तुमच्या सेटिंगवर स्वतःची सेटिंग चढवू शकतं, म्हणून प्रोफाइलही वाचा. मग शांत वेळ बघून मशीन एकदा रीबूट करा आणि ‘इनेबल्ड’ फाइल, मेमइन्फोमधल्या ह्यूज पेजेसच्या ओळी आणि क्लॉकसोर्स पुन्हा तपासा.